कानाची पारख

अंबरपेठेत पार्वतीबाईच्या कानाचा दबदबा होता. दारात उभं राहून कुणी "आहे का घरात कोणी?" एवढं म्हणालं, की ती आतूनच सांगायची, हा बिदरकडचा, हा जालन्याचा, आणि याच्या आईचं माहेर गोदाकाठी कुठंतरी असणार. शाळेचं तोंड तिनं जेमतेम दीड वर्ष पाहिलं होतं. सही करताना आपल्याच नावातला रफार तिला अजून घाम फोडायचा. पण माणसाची बोली तिला वाचता यायची आणि त्याला चष्मा लागत नव्हता.

"कागद खोटा असंल, शिक्का खोटा असंल," ती म्हणायची, "पण जिभेला गावचं पाणी लागलेलं असतं. ते कुठं धुऊन जात नाही."

तिचा नवरा वसमत तालुक्यातल्या करंजसांगवीहून (तिचं माहेरही तिथलंच) हैदराबादला आला आणि अफझलगंजात त्यानं दोर, कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकायचं दुकान टाकलं, त्याला तीस वर्षं होत आली. तो गेल्यावर आता मुलगा उमाजी गादीवर बसायचा. व्यापाऱ्यांशी तो दखनी बोलायचा, गाडीवानांशी तेलुगू, आणि घरी आला की चप्पल काढता काढता मराठीवर यायचा. सून गंगू निजामाबादकडची; चिडली की तिचं मराठी आटायचं आणि तेलुगूला पूर यायचा. नात मालन अठराव्या वर्षात होती. तिच्या तोंडी तिन्ही भाषांची खिचडी. आणि पार्वतीबाई तरी कुठं वेगळी होती? समोरच्या एकनाथरावांच्या पुणेकर इंदुताई हळदीकुंकवाला आल्या की तिच्या 'पान्या'चं आपोआप 'पाणी' व्हायचं. यात लबाडी नाही, असं तिचं मत होतं. पाहुण्यांकडं जाताना आपण लुगडं बदलतो, अंग बदलत नाही.

त्या वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. एक नोव्हेंबरची तारीख पडली होती. मराठी मुलूख मुंबईकडं, कानडी म्हैसूरकडं, तेलुगू आंध्राकडं. कचेऱ्यांतून दप्तरं बांधली जात होती आणि कारकुनांच्या नावापुढं कोण कुठं जाणार ते लिहिलं जात होतं. दप्तरं बांधायला दोरी लागते. तीच घ्यायला हिम्मतराव नावाचा एक कारकून उमाजीच्या दुकानात आला. तिसऱ्या खेपेला उमाजीनं त्याला घरीच आणलं.

पार्वतीबाई ओसरीवर पावटे सोलत बसली होती. तिनं त्याला बसायला सांगितलं आणि आपल्या सवयीनं तोंडाचा पट्टा सोडला. गावची नदी, तिथली माणसं, आता कसं कुणी उरलं नाही, भाऊ गेला, भावजय गेली, घराला कुलूप. तो ऐकत होता. इतकं मन लावून तिचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या तोंडावरून त्याची नजर हलत नव्हती. पावट्याचं टोपलं अर्धं रिकामं झालं तेव्हा तो पहिल्यांदा धड बोलला.

"लै दिसांनी आपलं बोलनं कानावर पडलं बघा, मावशी."

पार्वतीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोन्या गावचा रं तू?"

"टाकळगावचा. तुमच्या सांगवीच्या वढ्यापल्याड. तिथली बारव ठावं आसंल की तुमाला, पायऱ्याची."

"आता गं बया!" ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. अंबरपेठेत कुणी तिला डोळ्याला पदर लावताना पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात सोयरीक ठरली. हिम्मतरावाला आईबाप नव्हते, भाऊबंद नव्हते. आबिड्सजवळ कचेरी, पक्की नोकरी, कुळी-देवक जुळत होतं. त्याचं नाव मुंबई राज्यात पडलं होतं; एक नोव्हेंबरच्या आत औरंगाबादला हजर व्हायचं, म्हणून त्याला लग्नाची घाई. चातुर्मासात कुठलं आलंय लग्न? पण तो म्हणाला, दसरा साडेतीन मुहूर्तांतला, त्या दिवशी पंचांग बघावं लागत नाही. बार उडवून टाकू, दुसऱ्या दिवशी मालनला घेऊन गाडीत बसतो.

शेतकऱ्याच्या घरची रीत अशी, की पोरगी द्यायच्या आधी त्या गावात जायचं. वेशीतल्या चार म्हाताऱ्यांना विचारायचं, दोन घरी पाणी प्यायचं, पाणवठ्यावर बायकांना बोलतं करायचं. उमाजी म्हणालाही, "माय, मी टाकळगावला जाऊन विचारून येतो."

"काय विचारणार?" पार्वतीबाई कडाडली. "टाकळगावचा हाय का म्हणून? ते माझ्या कानानं विचारलं, त्यानं सांगितलं. माझ्या कानापेक्षा तुझं रेल्वेचं तिकीट शहाणं झालं का?"

उमाजीचं जाणं राहिलं. साखरपुडा झाला.

त्यानंतर हिम्मतराव येत-जात राहिला. एकदा भिंतीपलीकडची अमीनाबी हसत हसत म्हणाली, "अम्मा, तुम्हारा दामाद तो एकदम हमारे घर का लगता. मेरेकू 'सीन' बोलना नै आता ना, उसकू भी नै आता! मैं समझी, हमारेच गल्ली में पला." अमीनाबीच्या तोंडी प्रत्येक 'श'चा 'स' व्हायचा. पार्वतीबाई हसली. दोन दिवसांनी गंगू म्हणाली, "आत्याबाई, जावयाचं तेलुगू कसलं गोड आहे! अगदी आमच्या माहेरच्या गल्लीतलं. माझा भाऊ बोलतोय असं वाटलं."

पार्वतीबाई तेव्हा हसली नाही. तांदळातला खडा दाताखाली यावा तसं काहीतरी लागलं. उमाजीच्या उर्दूला ज्वारीचा वास यायचा, गंगूच्या मराठीतून तेलुगू डोकवायची. माणूस कितीही वाकला तरी मूळ कुठंतरी दिसतंच. हा सगळ्यांच्याच घरचा कसा?

तिनं मनाला समजावलं, हुशार असतं एखादं पोर. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलण्याऐवजी त्याच्याकडं बघायला लागली. तो आला की आधी बोलत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. उंबऱ्यात थांबतो. मालन काही बोलली, उमाजी काही बोलला, की मग याचं तोंड उघडतं. आणि ज्याच्याशी बोलतो त्याच्या तोंडाकडं बघतो, डोळ्यांकडं नाही.

श्रावण सरत आला, पोळा आला. घरी मालाच्या गाडीची एक बैलजोडी होती. शहरात राहूनही पार्वतीबाईनं पोळा कधी सोडला नव्हता. आदल्या दिवशी दिवस कलताना खांदेमळणी व्हायची: वर्षभर जू ओढलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, आणि चोळून झालं की कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचं बोलावणं द्यायचं. गावागावाचं बोलावणं वेगळं. कुठं दोन शब्द, कुठं चार, कुठं बैलाचं नाव आधी, कुठं हात आधी. ते कुणी शिकवत नाही. चार वर्षांचं पोर बापाच्या काखेतून बघतं आणि त्याला येतं.

पार्वतीबाईनं हिम्मतरावाला मुद्दाम बोलावून घेतलं. घरच्यांना ताकीद दिली, कुणी चकार शब्द काढायचा नाही. लोण्याची वाटी तिनं त्याच्या हातात दिली आणि पवळ्या बैलाकडं बोट दाखवलं. माणसाशी बोलताना माणूस बदलतो. बैलाशी बोलताना कशाला बदलंल?

त्यानं खांदा चोळला. नीट चोळला, हात सराईत होता. मग तो पवळ्याच्या कानाशी वाकला आणि थांबला.

कुणी काही बोललं नाही. पवळ्यानं कान हलवून माशी उडवली. हिम्मतराव वाकलेलाच होता, पण त्याची नजर बैलावर नव्हती. ती उमाजीच्या तोंडावर गेली, तिथून गंगूच्या, तिथून पार्वतीबाईच्या, आणि तिथंच थांबली. त्या नजरेत लाज नव्हती, घाबरणं नव्हतं. उंबऱ्याशी भाकरीची वाट बघत बसलेलं कुत्रं जसं बघतं, तसा तो तिच्या ओठांकडं बघत होता.

पार्वतीबाईनं दात दातावर दाबले. गोठ्यात नुसता रवंथाचा आवाज.

शेवटी मालनला राहवलं नाही. बिचारीला वाटलं, नवरा मुलगा लाजला. ती मागून हळूच म्हणाली, "पवळोबा, आज आवतण घ्या, उद्या जेवायला येऊन जावा, हौ ना?"

"पवळोबा, आज आवतण घ्या," हिम्मतराव म्हणाला, "उद्या जेवायला येऊन जावा, हौ ना?"

तोच हेल. तेच 'हौ ना', मालन जसं शेवटी वर उचलते तसंच उचललेलं. तिच्या नाकातला किंचित घोगरेपणासुद्धा. सगळे खदाखदा हसले. मालन लाजून पळाली.

पार्वतीबाईनं मात्र लोण्याची वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. तिला ओसरीवरचा तो पहिला दिवस आठवला. 'लै दिसांनी' कोण म्हणालं होतं आधी? तीच. 'आपलं बोलनं' कुणाचं? तिचंच. तासभर तिनं पेरलं होतं आणि त्यानं तेच कापून तिच्या पदरात घातलं होतं. ओढा, बारव त्याला ठाऊक होती खरी. पण बोली? ती तिची होती. आपलाच आवाज ऐकून आपण डोळ्याला पदर लावला होता.

तिन्हीसांजेला तिनं उमाजीला बाजूला घेतलं. "टाकळगावला जाऊन आल्याबिगर पोरगी द्यायची नाही. माझा कान चुकला."

उमाजीनं हातातला कंदील खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या आयुष्यात 'चुकला' हा शब्द त्यानं आईच्या तोंडून ऐकला नव्हता. "बरं," तो म्हणाला. "पितृपंधरवड्यात जाऊन येतो. तवर दसऱ्याचं कुणाला सांगत नाही."

तो गेला नाही. पंधरवड्यातल्या एका दुपारी जेवायला आला तो हसतच. "माय, तू पण कमाल करतेस. मला घोर लावलास आणि स्वतःच मोकळी झालीस. दसरा पक्का म्हणून सांगितलंस ना हिम्मतरावांना?"

"मी? कधी?"

"काल. मारुतीच्या देवळात भेटलीस म्हणे. दुकानात येऊन त्यांनी जसंच्या तसं सांगितलं." आणि उमाजीनं हसत तिचीच नक्कल केली, "'उमाजीला म्हणावं, सुटलेला बैल आन् सुटलेला शब्द आपल्या पायानं दावणीला येत नसतो. म्हातारी घटकाभर बिचकली व्हती. आता बिचकत नाही.'"

पार्वतीबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपायला लागली. हे असलं ती कधीच बोलली नव्हती. पण बोलली असती तर अगदी असंच बोलली असती. एक क्षण, फक्त एकच क्षण, तिला स्वतःलाच वाटलं, की बोललोच की काय आपण?

"मी देवळात गेलेच नाही, उमाजी. तो खोटं सांगायलाय."

"शब्द तुझेच आहेत, माय. तुझ्याशिवाय असं कोण बोलतंय या हैदराबादेत?"

गंगू हलकेच म्हणाली, "आत्याबाई, देवळात गेला होतात की तुम्ही. परवा."

"परवा! काल नाही!"

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरून जे बघणं होतं, ते. पार्वतीबाईनं आपल्या सासूच्या डोक्यावरून तसं पाहिलं होतं, त्यामुळं तिला ते ओळखू आलं. आता आपण आदळआपट केली, शिव्या दिल्या, कपाळ बडवून घेतलं, तरी त्यातलं प्रत्येक वाक्य उद्या त्याच्या तोंडी असंल, आणि आपल्यापेक्षा बरं असंल. तिनं भाकरी उलथली.

"असंल बाबा," ती म्हणाली. "वय झालं. पण एक राहिलं. लग्नाआधी पोरीच्या हातानं माझ्या माहेरच्या देवीची ओटी भरायची. घटस्थापनेला मी मालनला घेऊन जाते. दसऱ्याच्या चार दिस आधी परत."

याला नाही कोण म्हणणार? देवीचं काम.

घटस्थापनेच्या सकाळी उमाजीनं दोघींना काचीगुड्याच्या स्टेशनवर गाडीत बसवलं आणि तो दुकानाकडं गेला. गाडी सुटायला वेळ होता. फलाटावरच्या गर्दीतून हिम्मतराव आला आणि खिडकीशी उभा राहिला.

पार्वतीबाईनं ओठ घट्ट मिटले. तो तिच्या तोंडाकडं बघत उभा. ती बोलेना, म्हणून तोही बोलेना. शेजारची बाई दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागली. मालनच तेवढी काहीतरी बोलली, त्यानं तिच्याच सुरात उत्तर दिलं, आणि ती खुदकन हसली.

शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला. तेव्हा तो खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं बरोबर चालला.

"मावशी, टाकळगावला जाऊ नका. तिथं आमचं कुणी राहिलं नाही."

पार्वतीबाई साठ वर्षं माणसांची बोली ऐकत आली होती. हा आवाज तिला लावता येईना. तो वसमतचा नव्हता, हैदराबादचा नव्हता, पुण्याचा नव्हता. त्याला कुठल्याच गावचं पाणी लागलेलं नव्हतं. तो धमकी देत होता का विनवत होता, तेही कळेना. गजावरची त्याची बोटं सुटली आणि फलाट मागं गेला.

"काय म्हणाले गं आज्जी?" मालननं विचारलं.

"काही नाही. पाय वर घे, वारं लागंल."

पूर्णेला गाडी बदलून, वसमतला छकडा करून, दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टाकळगावच्या वेशीत उतरल्या. सांगवीकडं पार्वतीबाईनं छकडा वळवूच दिला नव्हता. पायऱ्यांच्या बारवेवर तिघी-चौघी बायका पाणी भरत होत्या. तिनं हिम्मतरावाचं नाव सांगितलं. हैदराबादला कचेरीत आहे, इथलाच, तिशीचा असंल.

बायकांनी माना हलवल्या. "आसं कुनी नाही वो बाई आमच्या गावात. कचेरीतलं तर कुनीच नाही."

मग तो इथला नव्हताच. संशय खरा ठरला म्हणून तिला हायसं वाटलं. मालन उन्हानं लाल झाली होती. ती पुढं झाली आणि म्हणाली, "मावशी, जरा पाणी देता काय? लै परेशान झालो, हौ."

एका बाईच्या हातातला पोहरा दगडावर आपटला. पन्नाशीची होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"पोरी, तू हैदराबादची गं?"

"हौ. अंबरपेठची."

"आगं बाई! आस्संच बोलायचे की आमचे जावाई! 'हौ' म्हनायचे, 'परेशान' म्हनायचे. आमाला लै हसू यायचं." तिनं मालनचा हात धरला तो सोडेना. सुशीलाबाई तिचं नाव. "तेबी अंबरपेठंचेच. भगवंतराव. वळखत आसाल तुमी. चला, चला घरी, हितं नगा उभं ऱ्हाऊ."

घर बारवेपासून हाकेवर होतं. सुशीलाबाई चालता चालता बोलत होती. गेल्या साली माघात आले. तोलाईचं काम घेऊन. दोन महिने गावातच राहिले. बोलनं कमी, पन आईकून घ्यायची काय गोडी! म्हाताऱ्याकोताऱ्यांत बसून घंटा घंटा आईकत ऱ्हायचे. हैदराबादला घर हाय म्हनले, मानसं हायेत म्हनले. तेवढ्या लांब चौकशीला कोन जानार? आन् मागनं तर बोलनंबी आमच्यावानीच झालं, वाटलंच नाही कधी, हा मानूस खोटं बोलंल. अखितीला लगीन लावलं. आमच्या कौशीला घेऊन गेले.

"मग?" पार्वतीबाईनं विचारलं.

"मग काय. दीड वर्सं झालं. कागूद नाही, पत्तुर नाही. हे म्हनतेत, शहरात रुळली आसंल पोरगी. तुमीच सांगा आता. बरी हाय न्हवं?"

त्या माजघरात शिरल्या. खुंटीवर नांदेडच्या स्टुडिओत काढलेला फोटो टांगला होता. खुर्चीत मालनच्याच वयाची पोरगी बसली होती, नाकात नथ, पाय नीट जुळवलेले. मागं तिच्या खांद्यावर हात ठेवून हिम्मतराव उभा होता. फोटोत सगळे समोर बघतात. तो किंचित खाली बघत होता, तिच्या तोंडाकडं.

मालननं फोटो एकदाच पाहिला. ती मागं सरकत भिंतीला टेकली.

सुशीलाबाई आतून लगबगीनं एक गोधडी घेऊन आली. हातभर लांबीची, टाके बारीक, एका कोपऱ्यात लाल कापडाचा मोर. "आतापोत्तर पोरबाळ काही आसंलच की तिला. लगोलग शिवून ठेवली बघा, पन धाडू कुनासंगं? आता तुमी घावल्या. गल्ली तरी कोनती, तेवढं सांगा, म्हंजी ह्यास्नी बी एक डाव धाडते." आणि तिनं ती गोधडी पार्वतीबाईपुढं धरली.

पार्वतीबाईनं गोधडी घेतली नाही. ती फोटोकडं बघत होती.

"तुमच्या मालकांना शेतातून बोलवा," ती म्हणाली. "आन् तो फोटो खाली काढा. पोलीस पाटलाला दाखवायचाय."

सुशीलाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, जायचं राहून गेलेलं. गोधडी धरलेले हात पुढंच होते.

"कामून?" तिनं विचारलं. पार्वतीबाई बोलेना, तेव्हा ती मालनकडं वळली. "कामून गं पोरी?"